बालचित्रपुस्तकांतील प्राणिकुटुंब : स्वरूप, कार्य आणि मर्यादा

बीजसंज्ञा : चित्रपुस्तक, प्राणिकुटुंब, मानवीकरण, विरहभय, पालकत्व

प्रस्तावना

अक्षरओळख होण्यापूर्वीच मूल चित्र वाचू लागते. मोठ्या माणसाने मजकूर वाचावा आणि त्याच वेळी मुलाने चित्र न्याहाळावे, अशी दुहेरी वाचनक्रिया चित्रपुस्तकात अभिप्रेत असते. तीन ते सहा वर्षे वयोगटासाठीच्या अशा पुस्तकांत पिल्ले आणि त्यांचे आईबाप हा विषय वारंवार आढळतो. वरवर पाहता ही पुस्तके प्राण्यांविषयीची वाटतात. परंतु त्यांत रंगविलेले कुटुंब बहुतांशी माणसाचेच असते. घरात कोण असावे, लहानग्यांचा सांभाळ कोणी करावा, याविषयीच्या कल्पना ही पुस्तके नकळत मुलापर्यंत पोहोचवितात. या दृष्टीने काही निवडक पुस्तकांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राणीच का?

माणसाचे चित्र काढताच त्याचा वर्ण, पोशाख व आर्थिक स्तर ठरवावा लागतो. ससा किंवा घुबड रेखाटताना हे बंधन राहत नाही. त्यामुळे कोणत्याही घरातील मूल त्या पिल्लात स्वतःला पाहू शकते. दुसरे कारण मानसशास्त्रीय आहे. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथत्रयीत बालक व पालक यांच्यातील अनुबंधाची आणि विरहातून उद्भवणाऱ्या भयाची मीमांसा केली. हेच भय मार्टिन वॉडेल यांच्या ‘आउल बेबीज’ (१९९२) या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. रात्री जाग आलेल्या तीन घुबडपिल्लांना आई दिसत नाही. ती परत येईपर्यंतची प्रतीक्षा हेच कथानक. पॅट्रिक बेन्सन यांच्या चित्रांतील गडद अरण्य आणि त्यातील पांढरी पिल्ले ही भीती दृश्य करतात. पान उलटताच आई परतते. हेच पुस्तक पुनःपुन्हा वाचण्याचा हट्ट धरणारे मूल आपल्या भीतीवर ताबा मिळवीत असते, असे म्हणता येईल.

चित्रातील पालक व निसर्गातील पालक

मात्र या कथेत पिल्लांच्या बापाचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात बहुतेक घुबडांच्या जातींत मादी अंडी उबवीत असताना नर शिकार करून तिला व पुढे पिल्लांना अन्न पुरवितो. मराठी मुलांना परिचित असलेल्या चिऊकाऊच्या गोष्टीतही हेच दिसते. चिमणी दार उघडण्यास विलंब लावते तो बाळाचे न्हाणे-माखणे चालू असल्यामुळे. त्या घरात चिमणा आढळत नाही. वस्तुतः चिमणा अंडी उबविण्यात वाटा उचलतो आणि पिल्लांना भरवितोही.

याउलट उदाहरण रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ (१९४१) या पुस्तकाचे आहे. चित्रे अचूक यावीत म्हणून मॅक्लॉस्की यांनी आपल्या राहत्या घरात बदके पाळली होती. या पुस्तकास १९४२ चे कॅल्डेकॉट पदक लाभले. आठ पिल्लांना घेऊन बदकीण बोस्टनचे रस्ते ओलांडते. नदी पाहावयास गेलेला बाप ठरल्याप्रमाणे आठवड्याने सार्वजनिक उद्यानात भेटतो. निसर्गात मात्र मॅलार्ड नर सामान्यतः उबवणीच्या काळातच मादीला सोडून जातो. चोच आणि पिसे निसर्गातून घेतली, कुटुंब मात्र तत्कालीन मध्यमवर्गीय समाजातून, असा हा प्रकार होय.

एरिक कार्ल यांच्या ‘मिस्टर सीहॉर्स’ (२००४) मध्ये अंडी व पिल्ले सांभाळणारे नर मासे येतात. नर समुद्रघोडा आपल्या पोटावरील पिशवीत अंडी वाहतो, ही वस्तुस्थिती येथे कथेचा आधार झाली आहे. महाराष्ट्रातील तळ्यांवर दिसणाऱ्या कमळपक्ष्यातही अंडी उबविणे व पिल्लांचे संगोपन नरच करतो. निसर्गात पालकत्वाचा एकच साचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जस्टिन रिचर्डसन व पीटर पार्नेल यांचे ‘अँड टँगो मेक्स थ्री’ (२००५) हे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील दोन नर पेंग्विनांनी वाढविलेल्या पिल्लाची सत्यकथा सांगते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांच्या यादीत ते २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षे अग्रस्थानी होते. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१४ मध्ये ते बालविभागातून काढले व वादानंतर प्रौढ विभागात ठेवले. आक्षेप पेंग्विनांविषयी नव्हता, माणसांविषयी होता. प्राणिकुटुंब हे मानवी कुटुंबाचे प्रतिरूप असते, हे आक्षेपकांनीही गृहीत धरले होते.

मानवीकरणाचे परिणाम

पॅट्रिशिया गानेआ व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांना माणसासारखे रंगविणाऱ्या पुस्तकांतून मुले प्राण्यांविषयीची तथ्ये कमी शिकतात व प्राण्यांना मानवी गुण चिकटवितात, असे त्यातून सूचित झाले. टोरांटो येथील २०१७ च्या अभ्यासात, आपल्याजवळचे दुसऱ्यास देण्याची वृत्ती माणसांची पात्रे असलेली कथा ऐकल्यावर वाढलेली आढळली. प्राण्यांची पात्रे असलेल्या कथेने तसे घडले नाही. प्राण्यांच्या कथेतून नीती सहज रुजते, हा समज तपासून घ्यावा लागतो.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा वयोगट पायाभूत स्तर मानला आहे. त्यामुळे चित्रपुस्तकाचे चिकित्सक वाचन हा अध्यापक शिक्षणाचा भाग व्हावयास हवा. चित्रात कोण आहे, कोण नाही आणि निसर्गात काय घडते, हे तीन प्रश्न भावी शिक्षकांनी प्रत्येक पुस्तकास विचारावेत. याचा अर्थ कल्पित कथा वर्ज्य करावी असा नव्हे. भयाला रूप देणे व धीर देणे हे तिचे कार्य माहितीपर पुस्तक करू शकत नाही. मात्र घुबडाच्या गोष्टीबरोबरच घुबडाच्या घरट्याची खरी हकीकतही मुलाच्या हाती द्यावी. ज्या बालकाच्या घरी बाप, आजी वा मावशी सांभाळ करते, त्यालाही मग चित्रात आपले घर सापडण्याची शक्यता वाढते.