वैज्ञानिकाचा शब्द (भाग ७) : खाडीची साक्ष

मागच्या भागात जयंत नारळीकरांनी घेतलेल्या कुंडली-चाचणीविषयी लिहिलं होतं. नारळीकरांचं नाव मोठं, पण निकाल त्या नावावर लागला नाही. २७ ज्योतिष्यांची सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, नाणं उडवून येतील तेवढीच. तिथे कुणाचा धंदा फारसा बुडणार नव्हता. कारखाने आणि सरकार गुंतलेलं असलं की मोठ्या नावाचं काय होतं?

त्यासाठी बुरोंडीला यावं लागेल. दापोली तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव. दक्षिणेला, कोळथऱ्याच्या पलीकडे, दाभोळची खाडी समुद्राला मिळते. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी ओढ्यांतून याच खाडीत येतं.

केंद्राने नेमलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञगटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ २०१० मध्ये लोट्याला गेले. सांडपाणी शुद्ध करणारी सामायिक यंत्रणा होती. तरी प्रक्रिया न झालेलं पाणी कोतवले गावच्या ओढ्यात उतरताना गटाने पाहिलं. या गावच्या सरपंचांनी हताश होऊन तेच पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. गाडगीळांनी हे अहवालात लिहिलं. २००७ ते २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती, प्रदूषणाविरुद्धची आंदोलनं दाबण्यासाठी, हेही लिहिलं. शास्त्रीय अहवालात जमावबंदीचे दिवस कशाला, असं कुणी विचारेल. माझ्या मते तीच त्या अहवालाची ताकद आहे. ज्यांना बोलूच दिलं नाही, त्यांची माहिती शास्त्रज्ञापर्यंत पोचणार कशी?

२०११ मध्ये दिलेला हा अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दाबून ठेवला. माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय यांच्या आदेशांनंतर मे २०१२ मध्ये तो बाहेर आला. मग सरकारने दुसरं मोठं नाव पुढे केलं : ‘इस्रो’चे माजी अध्यक्ष के. कस्तुरीरंगन. त्यांच्या गटाने उपग्रहचित्रांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. कस्तुरीरंगन यांची योग्यता वादातीत होती, आणि उपग्रहाला जंगल चांगलं दिसतं. रिकामं परत आलेलं जाळं त्याला दिसत नाही. पण ‘गाडगीळ की कस्तुरीरंगन’ असा सामना रंगला आणि लोट्याचा ओढा चर्चेतून बाजूला पडला. सरकारला दोन शास्त्रज्ञांपैकी सोयीचा निवडता आला, एवढंच त्यातून साधलं.

लोट्यात ११ हजार लोकांना रोजगार मिळाला, असं अहवाल सांगतो; खाडीतली मासळी घटल्याने २० हजार जण बेरोजगार झाले, हा मच्छीमारांचा दावाही त्यात आहे. दावाच आहे तो, गाडगीळांनीही दावा म्हणूनच नोंदवला. तो तपासायला फार मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. खाडीकाठच्या गावांत किती होड्या होत्या, आता किती आहेत, आणि कितीजण मुंबईला गेले, हे घरोघर विचारून मोजता येतं. मत्स्यखात्याने हे काम दाभोळपासून सुरू करावं, आणि आकडे गावाच्या चावडीवर मराठीत लावावेत.