त्रेसष्ट घरांत बसवलेली लिपी

एनईसी कंपनीने १९७९ साली जपानच्या बाजारात आणलेल्या पीसी-८००१ या घरगुती संगणकाची मेमरी होती १६ किलोबाइट, आणि पडद्यावरचे प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत मावत असे. त्यावर जपानी मजकूर उमटे तो काताकाना लिपीत. एरवी जपानी लेखनात कांजी ही चिन्हलिपी, हिरागाना आणि काताकाना शेजारी शेजारी नांदतात, आणि काताकानाकडे मुख्यतः परकीय शब्द लिहिण्याचे काम असते. शब्दांमध्ये जागा सोडायची तिथे रीत नाही आणि सारख्या उच्चाराचे शब्द उदंड. ‘हाशी’ म्हणजे पूल की जेवणाच्या काड्या, हे डोळ्याला कांजी सांगते. ती काढून घेतली की वाचक चाचपडू लागतो.

मेमरी महाग होती, म्हणून असे झाले, हे नेहमीचे स्पष्टीकरण. त्यात तथ्य आहेच. १९७८च्या जपानी मानकातल्या पहिल्या स्तरात २,९६५ कांजी होत्या. एक कांजी १६ बाय १६ ठिपक्यांत काढायची तर ३२ बाइट लागतात. सगळ्या मिळून ९४,८८० बाइट, म्हणजे पीसी-८००१च्या मेमरीच्या जवळपास सहापट. पण टंचाईमुळे अक्षरे किती मावतील एवढेच ठरते. आधी कोणाला बसवायचे, हे माणसे ठरवतात. १९६९च्या जपानी मानकाने अक्षरांच्या क्रमांकांच्या कोष्टकातली पहिली १२८ घरे अमेरिकी अक्षरसंचासाठी जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आणि १६१ ते २२३ या ६३ घरांत काताकाना, तिची विरामचिन्हे आणि उच्चार बदलणाऱ्या खुणा बसवल्या. ‘गा’साठी वेगळे घर उरले नाही, ‘का’ लिहून पुढच्या चौकटीत दोन बारीक रेघा द्यायच्या. एका अक्षराला पडद्यावर दोन जागा.

यावर कोणी म्हणेल की इंग्रजीचेही हाल झाले, आणि काताकाना तर तारांमधून जपान्यांच्या सवयीची होती. दोन्ही खरे आहे. १९७७च्या अ‍ॅपल टू संगणकावर इंग्रजीची लहान अक्षरेच नव्हती. पण ती उणीव भरून काढायला १९८३चे पुढचे मॉडेल पुरेसे ठरले, कारण लहान अक्षरांची घरे कोष्टकात आधीच राखलेली होती. सवयीचे म्हणाल तर तार चार ओळींची असते. संगणकावर माणसे पत्रे, हिशेब, कथा लिहिणार होती. पुढे कांजी आली तेव्हा खरी किंमत मोजावी लागली. शिफ्ट जेआयएस या पद्धतीत एका कांजीला दोन बाइट दिले, पण काताकानाची ६३ घरे मोडायची नव्हती. म्हणून पहिला बाइट १२९ ते १५९ किंवा २२४च्या पुढे, असा त्यांना वळसा घालून ठेवावा लागला. जागा पुरेना, तेव्हा दुसरा बाइट इंग्रजीच्या १२८ घरांतही शिरला. त्यातले ९२ क्रमांकाचे घर अमेरिकी संचात उलट्या तिरप्या रेघेचे, आणि अनेक प्रोग्रॅम त्या रेघेला आज्ञा समजतात. ‘क्षमता’ या अर्थाच्या कांजीचा दुसरा बाइट नेमका ९२. साधा, बरोबर लिहिलेला शब्द, आणि प्रोग्रॅम मध्येच मोडून पडे. हा दोष कांजीच्या संख्येचा नव्हे, आधी केलेल्या घरवाटपाचा होता.

देवनागरीच्या वाट्यालाही वरची १२८ घरेच आली. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात खालचा अर्धा भाग अमेरिकी संचाचाच राहिला. मात्र आपली लिपी मूळ वर्ण आणि मात्रांतून जुळवता येते. जोडाक्षर रेखाटण्याचे काम प्रोग्रॅमवर सोपवता आले. पुण्याच्या सी-डॅकमधल्या ‘जिस्ट’ तंत्राने तेच केले. कांजीला ही सवलत नव्हती, म्हणून जुन्या वाटपाचा जाच तिला अधिक झाला.

त्याच ९२ क्रमांकाच्या घरात जपानी मानकाने येनचे चिन्ह बसवले होते. अक्षरांची घरे आता लाखाच्या पुढे गेली आहेत, तरी जपानी विंडोजच्या अनेक टंकांत फाइलचा पत्ता लिहिताना फोल्डरांच्या नावांच्या मध्ये उलट्या तिरप्या रेघेऐवजी अजूनही येनच उमटतो.