जाहिरात चालली की सण चालला?

धंद्याची उजळणी : भाग ६

जाहिरातीवर किती खर्च करावा, हे मागच्या भागात पाहिलं. आता त्यापुढचा प्रश्न. केलेला खर्च कामाला आला की वाया गेला, हे ओळखायचं कसं?

सोलापूरच्या नवी पेठेत किंवा टिळक चौकात विचारलं तर उत्तर साधारण एकच मिळेल : ‘यंदा फ्लेक्स लावले, रिक्षांवर नाव टाकलं, धंदा चांगला झाला.’ फ्लेक्स लागले हे खरं आणि धंदा झाला हेही खरं. पण फ्लेक्समुळे धंदा झाला, हे अजून ठरायचं आहे. सोलापुरात ते ठरवणं आणखी अवघड, कारण इथला गल्ला आधीच सणावारांवर आणि यात्रांवर हलतो. जाहिरातीचा पैसाही आपण नेमका त्याच दिवसांत ओततो. मग सणाचं श्रेय जाहिरातीला जातं.

तारखेशी तारीख की तिथीशी तिथी?

‘गेल्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरात विक्री वाढली’ हे वाक्य फसवं असू शकतं. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात दिवाळीची सगळी खरेदी येऊन गेली, २०२३ च्या ऑक्टोबरात तिची जेमतेम सुरुवात होती. आषाढी एकादशीचंही तसंच. २०२३ मध्ये ती २९ जूनला आली, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. पंढरपूरच्या वाटेवर ज्यांचा माल खपतो, त्यांनी जूनची जूनशी तुलना केली तर हिशेब हमखास चुकेल. सणावर चालणाऱ्या धंद्यांनी दिवाळीआधीचे तीन आठवडे मागच्या दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांशी ताडून पाहावेत.

गड्डा यात्रेची गोष्ट वेगळी. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला धरून भरते, त्यामुळे ती दर वर्षी जानेवारीच्या मध्यावरच येते. शाळाही जूनच्या मध्यावरच उघडतात. तिथे इंग्रजी महिन्याची तुलना चालते.

तुलना करताना रुपयांबरोबर नगही मोजा. भाव दहा टक्क्यांनी वाढवला आणि विक्रीही दहा टक्क्यांनीच वाढली, तर एकही नग जास्त खपलेला नाही.

आणखी एक सोपी कसोटी आहे. पत्रकं सगळ्या शहरात एकदम वाटू नका. जुळे सोलापुरात टाका आणि तशाच वस्तीच्या दुसऱ्या भागात मुद्दाम टाकू नका. सण दोन्हीकडे सारखाच असतो. फरक पडला, तर तो बहुतेक पत्रकाचा.

विक्री वाढली, मार्जिन किती?

समजा, शेंगा चटणीचं पाव किलोचं पाकीट १०० रुपयांना विकता. शेंगदाणे, लसूण, तिखट, पॅकिंग, मजुरी धरून ७० रुपये जातात. हातात उरतात ३० रुपये. पेपरातून पत्रकं टाकायला छपाईसकट ९,००० रुपये लागले आणि त्यातून १२० पाकिटं जास्त खपली. विक्री १२,००० ची झाली. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तीन हजार सुटले म्हणून खूश होतात. खरं तर १२० पाकिटांवर सुटले ३,६०० आणि खर्च झाला ९,०००. तोटा ५,४०० रुपयांचा. खर्च भरून यायला ३०० पाकिटं खपायला हवी होती. हा आकडा पत्रक छापायच्या आधीच काढायचा असतो, म्हणजे नंतर मनाची समजूत घालावी लागत नाही.

पण हिशेब इथेच बंद करणंही घाईचं ठरेल. चटणी संपते आणि आवडली तर माणूस परत येतो. ही १२० पाकिटं ६० नव्या गिऱ्हाइकांनी नेली आणि त्यांतले २० जण पुढचे सहा महिने दर महिन्याला दोन पाकिटं नेत राहिले, तर आणखी ७,२०० रुपये सुटतात. तोटा भरून निघतो आणि १,८०० रुपये वर राहतात. म्हणून परत किती जण आले, याची नोंद नसेल तर चटणी, कडक भाकरी, मसाले यांसारख्या धंद्यांत जाहिरातीचा निकाल लावताच येत नाही.

गिऱ्हाईक आलं कुठून?

क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरात लेखकाचं ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक १९२३ मध्ये आलं. त्याची पद्धत अशी : जाहिरातीत कापून पाठवायचं कूपन ठेवायचं आणि प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण करायची. कोणत्या खुणेची कूपनं जास्त परत आली, यावरून चालणारी जाहिरात कळायची. आज त्यासाठी फार काही लागत नाही. एका भागातल्या पत्रकावर ‘ज’ छापा, दुसऱ्या भागातल्यावर ‘व’, आणि पत्रक आणणाऱ्याला लहानशी सूट द्या.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. बिल करताना एकच प्रश्न विचारायचा : ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ उत्तरासमोर रेघ मारायची. ओळखीचे, पत्रक, रील, बोर्ड बघून, असे चार-पाच रकाने पुरतात. व्हॉट्सॲप बिझनेसवर चौकशी करणाऱ्यांना लेबल लावता येतं. गुगलवर दुकानाची नोंद असेल, तर तिथून किती जणांनी फोन लावला आणि किती जणांनी रस्ता विचारला, हे फुकट दिसतं. रीलला मिळालेले लाइक या वहीत धरू नका. पुण्यातल्या माणसाने लाइक केलं आणि मागवलं काहीच नाही, तर गल्ल्यात काहीच पडलेलं नसतं.

प्रत्येक धंद्याची मुदत वेगळी

चादर चटणीसारखी महिन्यात संपत नाही. घेतलेली चादर वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तेच गिऱ्हाईक लवकर परत येईल ही अपेक्षा चुकीची. तिथे मोजायचं ते हे की जुन्या गिऱ्हाइकाने किती नवी माणसं पाठवली. अक्कलकोट-तुळजापूरला जाताना थांबलेला भाविक गावी पोहोचल्यावर कुरिअरने माल मागवतो का, हेही पाहायचं.

चादरीचा आणखी एक पेच आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सोलापुरी म्हणून बाहेरचा माल विकला जातोच. तुमच्या जाहिरातीत नुसतं ‘सोलापुरी चादर’ असेल, तर तिचा फायदा तो बाहेरचा माल विकणाऱ्यालाही होतो. पुलगम, चाटला या चादरीवाल्यांची नावं गिऱ्हाईक स्वतःहून घेतं. तुमचं घेतं का? दुकानात शिरणारा ‘चादर दाखवा’ म्हणतो की तुमच्या मालाचं नाव घेतो, त्याच्याही रेघा मारा.

गणवेशाच्या धंद्यात वेगळी अडचण आहे. सोलापूर रेडिमेड कापड उत्पादक संघाने २०१७ पासून गणवेशाची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. अशा प्रदर्शनात जानेवारीत स्टॉल लावला, तरी शाळेची ऑर्डर उन्हाळ्याच्या तोंडावर पक्की होते, माल जूनच्या आत जातो आणि पैसे त्यानंतर येतात. फेब्रुवारीत ‘स्टॉल वाया गेला’ असं ठरवणारा घाई करतो. त्याने तोवर किती शाळांनी नमुने मागवले, किती जणांनी दर विचारले आणि त्यांतल्या किती ऑर्डरी पक्क्या झाल्या, या टप्प्यांची नोंद ठेवावी. नमुने भरपूर गेले आणि ऑर्डर एकही आली नाही, तर दोष स्टॉलचा नाही. दरात, कापडात किंवा नंतरच्या पाठपुराव्यात कुठेतरी आहे.

निकाल कसा लावायचा?

प्रत्येक जाहिरातीसाठी चार गोष्टी एका पानावर मांडा : खर्च, तिच्यामुळे आलेली नवी माणसं, त्यांच्या खरेदीवर सुटलेलं मार्जिन आणि परत आलेली माणसं. खर्चापेक्षा मार्जिन जास्त असेल तर ती चालू ठेवा. माणसं आली पण परतली नाहीत, तर आधी माल आणि वागणूक तपासा, जाहिरात नंतर. पुरेशी मुदत देऊनही माणसं आलीच नाहीत, तर ती बंद करा. शेजाऱ्याने फ्लेक्स लावला, हे तुमचा फ्लेक्स चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही.

लहान दुकानात या रेघा अचूक येणार नाहीत. गर्दीत विचारायचं राहून जाईल, काही जण दोन-दोन ठिकाणांची नावं घेतील. तरीही अर्धवट भरलेली वही मालकाच्या अंदाजापेक्षा भरवशाची असते, कारण अंदाज नेहमी आपल्या आवडत्या जाहिरातीच्या बाजूने झुकतो.

पुढच्या भागात उधारीवरचं गिऱ्हाईक सांभाळताना होणारा खरा खर्च पाहू. तोवर वही आणा, रकाने आखा आणि उद्याच्या पहिल्या बिलापासून विचारायला लागा.