रक्तातील चरबीचा ताळेबंद

दुकानाची उलाढाल मोठी म्हणजे नफाही मोठाच, असे कोणताही जाणता व्यापारी मानत नाही. येणे किती, देणे किती, माल किती पडून आहे, हे तो बारकाईने पाहतो. तोच व्यापारी रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की मात्र एकूण कोलेस्टेरॉलची एकच ओळ वाचतो आणि कागद कपाटात ठेवून देतो.

समजा, एका घरात पतीचे एकूण कोलेस्टेरॉल १९६ आणि पत्नीचे २१० निघाले. दोनशेच्या आत म्हणून पती निर्धास्त. पत्नीच्या ताटातील तूप मात्र त्याच दिवशी बंद. खालच्या ओळी वाचल्या तर चित्र पालटते. पतीचे एचडीएल अवघे ३२ आणि ट्रायग्लिसराइड्स २६०. पत्नीचे एचडीएल ७२ आणि ट्रायग्लिसराइड्स ८०. चिंता करावयाची ती पतीची. त्याच्या वडिलांना पन्नाशीत हृदयविकार झाला असेल, तर अधिकच.

एलडीएल हे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे देणे होय. ते १०० च्या आत असणे उत्तम. मधुमेही व हृदयरोगी यांना ते याहूनही खाली ठेवावे लागते. एचडीएल अतिरिक्त कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. पुरुषांत ते ४० व स्त्रियांत ५० हून कमी नसावे. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत असावेत. हे सर्व आकडे मिलीग्राम प्रति डेसिलिटर या मापाचे आहेत.

एकुणातून एचडीएल वजा केले की उरणारा आकडा साधारणतः १३० च्या आत असावा. वरील उदाहरणात तो पतीचा १६४ आणि पत्नीचा १३८ येतो. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट न मोजता हिशेबाने काढतात: एकुणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे गणित भरवशाचे राहत नाही.

जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स वाढतात. म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटी तपासणी सांगितली असल्यास ९ ते १२ तास अन्न, दूध व चहा वर्ज्य असतो. साधे पाणी चालते. चौविहार पाळणाऱ्यांना यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि सकाळी लवकर दिलेला नमुना, एवढ्यात ही मुदत पूर्ण होते. नवकारसीनंतर पाणी पिऊन नमुना दिला तरी बाधा येत नाही. अठ्ठम किंवा अठ्ठाई चालू असताना, अथवा पारण्यानंतर लगेच, ही तपासणी करू नये. दीर्घ उपवासात शरीर साठवलेली चरबी वापरू लागते व आकडे नित्याचे राहत नाहीत. आहार पूर्ववत होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. मोठ्या आजारानंतरही असेच थांबणे योग्य. नियमित औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याविषयी आधी डॉक्टरांना विचारावे.

तपासणीच्या आधी चार दिवस मिठाई व तळण सोडून आकडा गोजिरा करून घेणारेही असतात. मार्चअखेरीस ताळेबंद सजवावा, तसाच हा प्रकार; फरक इतकाच की येथे फसवणूक स्वतःचीच होते.

शाकाहारी घराला कोलेस्टेरॉलचे भय नाही, हा समजही अपुरा आहे. वनस्पतिजन्य अन्नात कोलेस्टेरॉल नसते, हे खरे. परंतु शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. तूप, लोणी, मलई यांतील संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. मैदा, साखर आणि दिवसभर गादीवरची बैठक यांमुळे ट्रायग्लिसराइड्स चढतात व एचडीएल उतरते. पेढीवर चहाबरोबर येणारी शेव-कचोरी या खात्यात रोज नोंदली जाते, मग ती कुणी वहीत लिहो वा न लिहो.

एक अहवाल म्हणजे एका दिवसाची शिल्लक. मागील वर्षांचे अहवाल फाइलमध्ये क्रमाने लावून, ती फाइल घेऊनच डॉक्टरांकडे जावे. जे घर पिढ्यान्पिढ्या पैचा हिशेब चोख ठेवत आले, त्याला एवढी एक वही अवघड नाही.