दर 23 मिनिटांनी एक मालगाडी

अमेरिकेत दुकानांतून आणि घरांतून वर्षाला किती अन्न वाया जातं? तिथल्या कृषी खात्याने 2010 सालचा हिशेब मांडला, सुमारे 6 कोटी टन! डोक्यात मावत नाही ना? मग मालगाडीत भरू. आपल्याकडची धान्याची 42 वाघिणींची मालगाडी साधारण 2,600 टन माल नेते. म्हणजे 23 हजार गाड्या. दिवसाला 63. दर 23 मिनिटांनी एक, रात्रंदिवस, वर्षभर!

आता त्याच देशातली रांग बघा. 2023 साली 4 कोटी 74 लाख माणसं अशा घरांत राहत होती, जिथे पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. गोऱ्यांच्या दहा घरांत असं एक. कृष्णवर्णीयांच्या? जवळजवळ चारांत एक! कृष्णवर्णीयांची अशी घरं झाली सुमारे 40 लाख. प्रत्येक घरातून एकच माणूस बोलावू, दोन-दोन फुटांवर उभा करू. रांग मुंबईहून पुण्याला पोचेल, वळून परत येईल, पुन्हा निघेल, अशी आठ वेळा जाऊन येईल तेव्हा कुठे शेवटचा माणूस उभा राहील.

राजधानी वॉशिंग्टनमध्येच चला. संसदेच्या घुमटापासून थोडं पुढे अ‍ॅनाकोस्टिया नदी ओलांडली की सातवा आणि आठवा वॉर्ड, वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय. 2017च्या एका अहवालानुसार तिथल्या दीड लाख लोकांना ताजी भाजी, फळं, दूध, मांस एका छताखाली देणारी दुकानं होती तीन. आठव्या वॉर्डात तर एकच, अलाबामा अव्हेन्यूवरचं. ज्या बाईकडे मोटार नाही तिने आठवड्याचा बाजार दोन्ही हातांत धरून बस गाठायची, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्सची पाकिटं आणायची. मला तर कोट्यवधींपेक्षा हा तीनचा आकडा जास्त बोचतो.

आणि अन्न पिकवणारी जमीन! 1910च्या सुमारास, गुलामगिरी संपून अर्धशतकही झालं नव्हतं, तेव्हा कृष्णवर्णीयांनी सुमारे 1 कोटी 60 लाख एकर शेतजमीन मिळवली होती. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र करा, तेवढी! मग दहशत, नाकारलेली कर्जं, वारसाहक्कातले तंटे, जबरदस्तीचे लिलाव. शतकभरात जवळपास 90 टक्के जमीन हातची गेली. 1920 ते 1997 या काळातल्या या नुकसानीची किंमत अर्थतज्ज्ञांनी 2022 साली काढली, 326 अब्ज डॉलर. रुपयांत 27 लाख कोटींच्या वर. महाराष्ट्राचा 2025-26चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा, तसे जवळजवळ चार!

अजून थांबू नका. फीडिंग अमेरिका या अन्नपेढ्यांच्या संघटनेच्या हिशेबाने 2022 साली देशातल्या सगळ्या अर्धपोटी माणसांना, काळ्या-गोऱ्या सगळ्यांना, पुरेसं जेवायला कमी पडले सुमारे 33 अब्ज डॉलर. भागा 326ला 33ने. एका समाजाच्या हातून गेलेल्या जमिनीच्या किमतीत अख्ख्या अमेरिकेची जवळजवळ दहा वर्षांची भूक भागते!