कोठीच्या पत्र्याला अस्तर हवे काय?

संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त कोणती कामे हाती घ्यावीत याचा विचार चालू असता, मागल्या आवारातील कोठीच्या पत्र्याला आतून उष्णतारोधक अस्तर लावावे अशी सूचना पुष्कळ सभासदांनी केली. सूचना सद्हेतूची आहे. परंतु देणगीचा पैसा खर्च करण्यापूर्वी अस्तर काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घडलेली हकीकत. गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी सतरंज्या काढावयास आम्ही सकाळी कोठी उघडली, तो पत्र्यावरून टपटप पाणी गळत होते. जुन्या देणगीवह्यांचा एक रुमाल भिजून गेला होता. पहिल्या वर्षांच्या पानांवरची शाई पसरून कित्येक नावे पुसली गेली. ज्यांनी आणा-दोन आणे देऊन ही संस्था उभी केली, त्यांची ती नावे. सर्वांनी पत्र्यास दोष दिला. मिस्त्री वर चढला, एकही भोक सापडले नाही. आणि पाऊस तर आठवडाभर पडलेला नव्हता. मग पाणी आले कोठून?

ते कोठीतल्या हवेतूनच आले. हवा जितकी ऊन, तितकी अधिक वाफ ती पोटात धरते. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम, १० अंशांची साडेनऊ ग्रॅम, तर ५ अंशांची जेमतेम सात ग्रॅम वाफ बाळगू शकते. हवा थंडावली की अधिकची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार. आपल्या ग्वाल्हेरीस जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. शिवाय निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकीत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की दव धरते, आणि ते आपल्याच वह्यांवर ठिबकते.

आता ही हवा इतकी दमट कशी झाली? येथे दोष आमचा आहे, तो कबूल केला पाहिजे. पारव्यांचा उपद्रव नको म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच सगळे झरोके विटांनी बुजवले. पंगतीची धुतलेली तपेली व कढया ओल्याच आत ठेवण्याची चाल पडली. जमीन नुसत्या फरशीची; तिच्यातून ओल वर येते. तिची परीक्षा सोपी आहे. हात-दीड हात लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहा. खालून ओला निघाला, तर पाणी जमिनीचे. आम्ही पाहिले, तो ओला निघाला. आणि वह्या जमिनीवर ठेवून वर प्लॅस्टिक झाकले होते, तेही उलटेच झाले. आतली ओल आतच कोंडली.

आता अस्तराचा विचार. ज्या घरात शेगडी पेटते, तेथे अस्तर ऊब राखते. आपल्या कोठीत ऊब निर्माणच होत नाही. मग राखावयाची कोणती? तेव्हा थंडीसाठी म्हणून अस्तर लावणे व्यर्थ. दवासाठी मात्र त्याचा उपयोग खरा आहे. आतल्या हवेला थंड पत्र्याऐवजी अस्तराचा कमी थंड पृष्ठभाग लागतो आणि दव धरत नाही. पण त्याला एक अट आहे. अस्तराची आतली बाजू वाफ शिरू न देणारी असावी आणि सांधे पक्के बंद असावेत. नाहीतर वाफ आत शिरून पत्र्याखाली पाणी धरते. काचलोकर भिजली की तिचा गुण जातो, आणि पत्रा न दिसता गंजू लागतो. थर्माकोल स्वस्त खरे, पण ते पेट घेते. जेथे विजेच्या जुन्या तारा आहेत तेथे ते उघडे लावू नये.

उन्हाळ्याचे काय? मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हातला पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो. अस्तराने हा ताप कमी होतो. परंतु पत्र्याला बाहेरून ऊन परतविणारा पांढरा रंग दिला, तर बराचसा ताप आत येण्यापूर्वीच परततो आणि खर्च कितीतरी कमी येतो. तेलंगण सरकारने २०२३ साली अशा शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. नुसता चुना मात्र पत्र्यावर फासू नये; ताजा चुना जस्ताच्या थराला खातो आणि पावसात धुऊनही जातो. या रंगाने थंडीतले दव थांबणार नाही, हेही ध्यानात असावे.

शेवटचा प्रश्न असा की कोठीत आहे काय? तांब्यापितळेच्या भांड्यांवर चार थेंब पडले तर पुसता येतात. सतरंज्या उन्हात घालता येतात. कागदाचे तसे नाही. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि पसरलेली शाई परत येत नाही.

म्हणून आमची शिफारस अशी. आधी झरोके उघडावेत, भिंतीत खाली व आढ्यालगत वर, आणि पारव्यांसाठी त्यांना तारेची जाळी बसवावी. दाट धुक्याच्या दिवशी तेवढे ते झाकावेत. जमिनीवर प्लॅस्टिकचा जाड ताव अंथरून वर कोबा करावा. भांडी वाळवूनच आत न्यावीत, आणि सामान भिंतीपासून वीतभर दूर, घडवंचीवर ठेवावे. पत्र्याला पांढरा रंग द्यावा. एवढे करून एक हिवाळा पाहावा. सगळ्या पत्र्याला अस्तर आज लावू नये. दफ्तर व पुस्तके यांच्यासाठी मात्र मुख्य इमारतीतील, पक्क्या छताची एक कोरडी खोली राखून ठेवावी आणि तेथे आर्द्रतामापक टांगावा.

पुढल्या जानेवारीतही पत्रा ठिबकला, तर अस्तराचा प्रश्न आम्ही स्वतः सभेपुढे आणू. तोवर एक विनंती आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या देणगीच्या पावत्या असतील, त्यांनी त्या कार्यालयात दाखवाव्यात. पुसलेली नावे आम्हांस पुन्हा लिहावयाची आहेत.