लायकी आधीं कीं अधिकार आधीं?

जिंकलेल्या मुलुखांत सैन्य शिरलें म्हणजे किल्ल्यांच्या व पुलांच्या वार्ता सर्वत्र छापून येतात. परंतु दुसऱ्या दिवशीं नळास पाणी कोणीं सोडावें व शिधापत्रकें कोणीं वांटावीं, याची चौकशी कोणी करीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनींत हा प्रश्न जेत्या सेनाधिकाऱ्यांपुढें उभा राहिला. त्याचें जें उत्तर निघालें तें आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

आरंभ कठीण होता. १९४४ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन फौजेनें आखेन शहर घेतलें व फ्रान्झ ओपेनहोफ या वकिलांस नगराध्यक्ष नेमिलें. १९४५ च्या मार्चमध्यें नाझी मारेकऱ्यांनीं त्यांचा खून केला. त्याच वर्षीं कोलोन येथें निराळाच प्रकार घडला. १९३३ सालीं नाझींनीं काढलेले नगराध्यक्ष कोनराड आडेनौर यांस अमेरिकनांनीं पुन्हा अधिकारावर बसविलें. पुढें शहर ब्रिटिशांकडे जातांच एका ब्रिगेडियरनें ऑक्टोबरांत त्यांस बडतर्फ केलें. हेच गृहस्थ १९४९ सालीं पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले! वरून नेमणारा हात वरूनच काढूं शकतो. नगरवासीयांस कोणी विचारीत नाहीं. नेमणुकीच्या कारभारांतील दोष तो हाच.

हा दोष जनरल लूशियस क्ले यांनीं ओळखिला. ते मूळचे लष्करी इंजिनियर. १९४५ सालीं अमेरिकन विभागाचे उपलष्करी गव्हर्नर. निवडून दिलेल्या सभांच्या द्वारें स्थानिक स्वराज्य शक्य तितक्या लवकर परत द्यावें, असें दोस्तांनीं त्या ऑगस्टमध्यें पोट्सडाम येथें ठरविलेंच होतें. क्ले यांच्या सल्लागारांपैकीं कांहींनीं ही घाई होईल असें बजाविलें. बारा वर्षें हुकूमशाही भोगलेली प्रजा मत काय देणार? तथापि क्ले ढळले नाहींत. १९४६ च्या जानेवारींत, म्हणजे शरणागतीस नऊ महिने भरण्यापूर्वींच, वीस हजारांखालील वस्तीच्या गांवांत निवडणुका झाल्या आणि शेंकडा ऐशींहून अधिक मतदार मतदानास आले. मागून जिल्हे व मोठीं शहरें, वर्षअखेर प्रांतांच्या राज्यघटना, आणि १९४९ सालीं पश्चिम जर्मनीची मूलभूत घटना. इमारत पायापासून चढली.

हें पूर्ण स्वराज्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. अखेरचा शब्द लष्कराचाच होता, व जुन्या नाझी सभासदांस मताधिकार नव्हता. परंतु 'आधीं लायक व्हा, मग अधिकार मागा' हा जो मंत्र परकी नोकरशाहीनें आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला, तो एका सेनापतीनें भग्न नगरांच्या ढिगाऱ्यांत खोटा ठरविला. स्थानिक स्वराज्य हें मुख्यत्वें लोकांच्या राजकीय शिक्षणाचें साधन आहे, हें लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालींच येथें सांगितलें होतें; तें मनावर घेण्यास त्यांच्या अधिकाऱ्यांस सवड झाली नाहीं!

आतां घरचा हिशेब पाहूं. मुंबई महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्यें संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें लोकनियुक्त सभेच्या ठिकाणीं प्रशासकाचा अंमल चालला. आरक्षणाचे व प्रभागांचे कज्जे हें कारण सांगण्यांत आलें. कज्जे खरे असतील. परंतु उद्ध्वस्त जर्मनींत नऊ महिन्यांत जें साधलें, त्यास शांततेच्या काळांत वर्षें लागावींत काय? जो व्यापारी नगरास कर भरतो, त्यास त्या कराचा जाब विचारणारा प्रतिनिधि हवा. प्रशासक कितीही दक्ष असो, तो नागरिकांच्या मतांनीं येत नाहीं व त्यांच्या मतांनीं जातही नाहीं. तलवारीचा धनी जर स्वतःचा अधिकार वेळेवर सोडूं शकतो, तर लेखणीच्या धन्यास तो सोडणें जड कां व्हावें?